कोऱ्या चिठ्ठ्यांवरचे अंगठे

१

सांगा, भरवसा कोणावर ठेवायचा? डोळ्यांवर, हातावर, की कागदावर उठलेल्या अंगठ्यावर?

अकोल्याच्या खुशालरावांना हा सवाल बासष्टच्या दसऱ्याला कोणी विचारला असता, तर त्यांनी हसून आपला उजवा हात पुढे केला असता. त्या हाताची ख्याती होती. दर्यापूरच्या बाजारात एकदा चार व्यापाऱ्यांनी त्यांचे डोळे उपरण्यानं बांधले आणि पाच गाड्यांतल्या कापसात हात घालायला लावला. चौथ्या गाडीत कोपरापर्यंत हात घालून खुशालराव म्हणाले, "हा भिजवला. आनं विहिरीच्या पाण्यानं नाई, नाल्याच्या." गाडीवाला इतका खजील झाला की त्यानंच सगळ्यांना जिलबी खाऊ घातली.

शिक्षण मराठी चौथी. इंग्रजी शिकले ते पेट्यांच्या झाकणांवरचे छाप वाचून. कापसाच्या दलालीत चार पैसे जमले तेव्हा त्यांनी रेल्वे फाटकापलीकडे गोदाम घेतलं आणि वेस्टचा धंदा सुरू केला. वेस्ट म्हणजे गिरणीत उरलेलं गुंत्याचं सूत. तेलकट यंत्रं पुसायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. पण गिरणीतून ते येतं तेव्हा त्यात काय नसतं? सरकी, खडा, मोडकी सुई, लोखंडाचा कीस. ते सगळं हातानं निवडून काढावं लागतं. गोदामाला लागून एक लांबट खोली होती, तीत सहा बाया भिंतीला पाठ लावून बारदानावर बसत. प्रत्येकीपुढे सुताचा ढीग, आणि मधोमध एक जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, ताटली. जे सापडेल ते ताटलीत फेकायचं. दिवसभर खोलीतून टण्, टण् असा आवाज यायचा. गादीवर बसलेल्या खुशालरावांना तो ऐकला की बरं वाटायचं. धंदा नीट चाललाय, एवढाच त्याचा अर्थ.

पोतं भरलं की शिवायचं आणि शिवणीत चिठ्ठी अडकवायची. चिठ्ठीवर, जिनं निवडलं तिचा अंगठा. ही खुशालरावांची स्वतःची युक्ती. पोत्यात काही निघालं तर कोणाच्या हातून सुटलं ते अंगठ्यावरून कळावं. रेल्वेचे साहेबसुद्धा म्हणायचे, खुशालरावच्या पोत्यात हात घालायची गरज नाही, अंगठा पाहिला की झालं.

२

दिवाळी तोंडावर असताना चीनशी लढाई सुरू झाली. पानठेल्यावरच्या रेडिओभोवती माणसं उभी राहू लागली. त्याच आठवड्यात अमरावतीहून उत्तमराव आले. उत्तमराव अडत्या. सरकारी मालाची कामं मिळवून द्यायची आणि मधलं आपलं ठेवायचं, हा त्यांचा व्यवसाय.

"शंभर पोती," उत्तमराव चहा बशीत ओतत म्हणाले. "फौजेच्या डेपोले. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी वॅगन लागते."

"दिवाळीआधी कामाचे सहाच दिवस हाईत. बायाइच्या हातानं आठ पोती होतात दिवसाची."

"मंग अठ्ठेचाळीस निवडा. बाकीची तशीच शिवा. यंत्र पुसाचं हाय बापा, पोटात नाई घालाचं."

खुशालराव हसले नाहीत. पण जावई त्यांना आठवला. विमलचा नवरा वसंत हवाई दलात मेकॅनिक, आसामातल्या तळावर हेलिकॉप्टरांच्या कामाला. विमल माहेरीच होती. आपला माल जावयाच्या हाती पडेल, या विचारानं त्यांना आतून गुदगुल्या झाल्या.

नरकचतुर्दशीच्या आदल्या दुपारी अठ्ठेचाळीसावं पोतं शिवून झालं आणि तानुबाई दारात येऊन उभी राहिली. सहा जणींत ती वयानं मोठी, बोलायला सरळसोट.

"मालक, बाया दिवाळीले घरी जातो म्हणतात. घरी सारवण पडलं हाय."

"आनं माल?"

"तुमी सांगा."

खुशालरावांनी कोऱ्या चिठ्ठ्यांचं पुडकं काढलं. बावन्न चिठ्ठ्या. शाईचं पॅड पुढे सरकवलं. "अंगठे देऊन जा. दोन माणसं लावून निवडून घेतो मी."

तानुबाई चिठ्ठ्यांकडे पाहत राहिली. "न निवडता अंगठा?"

"दिवाळी करा ना वो. मी काय परका हाव?"

बायांना बरंच वाटलं. एकेकीनं अंगठे उठवले, लुगड्याला पुसले आणि गेल्या. माणसं काही मिळाली नाहीत. दिवाळीत कोण येतं? खुशालरावांनी एका पोत्यात हात घातला. हात म्हणाला, बरंय. बावन्न पोती तशीच शिवली, चिठ्ठ्या अडकवल्या, आणि वॅगन वेळेवर सुटली.

३

वीस नोव्हेंबर, मंगळवार. गिरणीचा नवा माल शनिवारी उशिरा आला होता, निवडणी बुधवारपासून लागायची होती, म्हणून बायांना दोन दिवस सुटी होती. खोलीला कुलूप. आत बारा पोती कच्चा माल, ढिगानं पडलेला.

बाराच्या सुमारास खुशालराव गादीवर बसून सुपारी कातरत होते. ऊन स्वच्छ होतं. पलीकडे रुळांवर एक मालगाडी उभी होती, तिचं इंजिनही गप्प होतं.

टण्.

त्यांनी अडकित्ता थांबवला. उंदीर असेल. उंदीर ताटलीवरून गेला तर खरखर होते. हा आवाज काहीतरी फेकल्याचा होता, बोटांच्या चिमटीतून सोडल्याचा. दहा वर्षं ते हा आवाज ऐकत होते.

टण्.

किल्ली घेऊन ते उठले. कुलूप जसंच्या तसं होतं. दार उघडलं. सहा बारदानं भिंतीशी, बायांनी ठेवली तशी. ताटली मधोमध. ती त्यांनी स्वतः शनिवारी रिकामी केली होती. आता तिच्यात दोन वस्तू होत्या. एक सरकी. आणि एक लहानशी दुपाखी पिन, केसांच्या आकड्यासारखी, पण जाड, पोलादाची, एका टोकाला वाकलेली. तिला काळं वंगण लागलेलं.

ते काही घाबरले नाहीत. गिरणीच्या सुतात यंत्राची पिन निघणं नवल नाही. पण ती ताटलीत कोणी टाकली?

मग त्यांना कोपऱ्यात एक शिवलेलं पोतं दिसलं. शनिवारी ते नव्हतं. शिवण दाभणानं घातलेली, टाके मोठे, पुरुषी. शिवणीत चिठ्ठी. चिठ्ठीवर अंगठा. शाईचा नव्हे, वंगणाचा. रुंद, आणि मधून आडवा व्रण गेलेला.

खुशालरावांनी सवयीनं पोत्याची शिवण सैल करून हात आत घातला. आणि तसाच बाहेर ओढला.

सूत निवडलेलं होतं. एक खडा नाही, एक गाठ नाही, तानुबाईलाही जमलं नसतं इतकं स्वच्छ. पण ते गार होतं. सावलीतल्या कापसाचा गारवा नव्हे, बोटांची हाडं दुखावीत असा.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तानुबाईला चिठ्ठी दाखवली. तिनं उजेडात धरली, उलटी केली, परत दिली.

"हा बाईचा अंगठा नाई, मालक."

"हमालाचा असन."

"हमाल निवडतात कवापासून?"

४

पुढच्या सोमवारी वसंतचं पत्र आलं. टपालानं नव्हे, एक सोबती रजेवर अकोल्यापलीकडच्या आपल्या गावी निघाला होता, त्यानं अकोल्याच्या स्टेशनावर ते एका ओळखीच्या पोर्टरच्या हाती दिलं. त्यामुळे वसंतनं मोकळं लिहिलं होतं. विमल ओसरीत बसून मोठ्यानं वाचू लागली.

लढाई थांबली आहे, पण आमची उड्डाणं थांबली नाहीत, असं वसंतनं लिहिलं होतं. डोंगरातून जखमी आणायचे आहेत. महिन्याभरात तळावरची तीन मशीनं गेली. पहिलं खालून गोळ्या लागून पडलं. दुसऱ्यात माणसं जास्त भरली होती. त्या उंचीवर हवा विरळ, पाती तोलू शकली नाहीत, मशीन उतारावर बसलं ते बसलंच. तिसरं मंगळवारी गेलं. भर दुपार, आभाळ निरभ्र, गोळी नाही, वारा नाही. वायरलेसवर त्यांचा आवाज येत होता. इंजिन दोनदा खोकलं आणि थांबलं. तिघं होते. मशीन दरीत आहे, तिथवर जाता येत नाही. साहेबांनी कारणाच्या रकान्यात लिहिलं, माहीत नाही.

"पुढं वाच," खुशालराव म्हणाले.

"'मामाजींना सांग, त्यांचा माल आमच्याकडे पोचला. पोत्यावर अंगठा पाहून घरी आल्यासारखं वाटलं. इथं फडकी संपली आहेत. इंधनाच्या गाळण्यासुद्धा आम्ही मामाजींच्या वेस्टनंच पुसून राहिलो. तीस तारखेला, शुक्रवारी, मशीनसोबत जायची पाळी माझी आहे. काळजी करू नये.'" विमलनं पत्र खाली केलं. तिचा चेहरा उजळला होता. "बाबा, तुमचा माल पाहून त्याइले घर आठवलं."

गाळणी पुसताना एक धागा राहिला, धाग्याला अडकलेला लोखंडाचा कीस राहिला, तर तो कुठं जाईल ते समजायला चौथीच्या पुढं शिकायची गरज नव्हती.

मंगळवार. बाराचा सुमार. तिघं.

५

"तार करतो," त्यांनी दुसऱ्या दिवशी उत्तमरावांना सांगितलं. उत्तमराव नव्या कामाचे कागद घेऊन आले होते. "बावन्न पोती न निवडलेली हाईत, वापरू नका म्हणून."

उत्तमरावांनी कागद मिटले. त्यांचा आवाज गोड झाला. "खुशालभाऊ, मी काय सांगतो ते ऐका. हेलिकॉप्टर पडाले कारणं का कमी हाईत? गोळी हाय, हवा हाय, बर्फ हाय, चालवणाऱ्याची चूक हाय. जावयानं सोता लिवलं ना, माहीत नाई म्हणून? साहेबाले माहीत नाई, तुमाले कसं माहीत?"

"गाळण्या पुसून राहिले थे आपल्या मालानं."

"म्हणून तुमचाच धागा? अठ्ठेचाळीस पोती निवडलेली नाई गेली? त्यातलंच पोतं फोडलं असन. आनं तार केली की बेड्या. लढाईच्या दिवसांत फौजेले खोटा माल. पोरीचं तोंड पाहा जरा."

ही बाजू खुशालरावांना पटावीशी वाटली, आणि पटवून घ्यायला माणसाला वेळ लागत नाही. ते गणित मांडत बसले. पहिलं मशीन गोळीचं. दुसरं हवेचं. तिसऱ्याला अठ्ठेचाळीस विरुद्ध बावन्न. जवळजवळ निम्मं निम्मं. नाणं उडवल्यासारखं. नाणं उडवून कोणी स्वतःला फासावर देतं का?

बुधवारी दुपारी ते खोलीत गेले. बाया जेवायला मागच्या ओट्यावर बसल्या होत्या. कोपऱ्यात आता तीन पोती होती, पुरुषी टाक्यांची. तीन चिठ्ठ्या. पहिलीवर व्रणाचा अंगठा. दुसरीवर लांबट, नाजूक, लिहिण्यावाचण्यातल्या माणसाचा. तिसरीवरचा अर्धाच उठला होता, जणू उरलेला भाग कागदाला टेकलाच नाही.

वंगण अजून ओलं होतं. त्यांनी बोट लावलं आणि धोतराला पुसलं. तो डाग पाहताना त्यांना एवढंच वाटलं की हे बायांपैकी कोणाचं तरी कारस्थान असावं. तानुबाईनं अंगठ्याचा राग मनात धरला असेल. होय, असंच असेल. कोणाला तरी पैसे देऊन.

पण गारवा कोण विकत आणणार?

६

गुरुवारी बारा वाजता खुशालराव मुद्दाम मागच्या बाजूनं गेले. ओट्यावर सहाही बाया होत्या, त्यांनी मोजल्या. भाकरी, चटणी, कांदा. तानुबाई कोणाची तरी नक्कल करत होती आणि बाकीच्या हसत होत्या.

आतून आवाज आला. टण्. थोडं थांबून, टण्.

एकही बाई वळली नाही.

बाजूच्या भिंतीला एक झडप होती, तिची फळी चिरलेली. खुशालराव तिच्याशी वाकले. डोळा लावण्याआधी फटीतून हवा आली. ती थंड होती. तिला पेट्रोलचा वास होता.

आधी त्यांना नुसता ढीग दिसला. मग ढिगात हालणारे हात. तीन जोड्या. मनगटांवर जाड लोकरी बाह्या, बाह्यांच्या कडांना पांढरं काही चिकटलेलं, ते वितळत नव्हतं. नखं निळी. हात घाई करत नव्हते. सूत उचलत, उजेडाकडे धरत, धागा धागा सोडवत, बारीकसं काही चिमटीत घेत आणि ताटलीकडे सोडत. मानेवरचे केस सारखे मागं उडत होते, जोराच्या वाऱ्यात उडतात तसे. खोलीत वारा नव्हता. बाजूला टांगलेली सुतळी सरळ लोंबत होती.

तोंडं दिसत नव्हती. खुशालरावांना ती पाहायची नव्हती.

मग व्रणाच्या अंगठ्याचा हात ढिगातून निघाला. बाजूला घडी करून ठेवलेलं एक बारदान त्यानं ओढलं, झटकलं आणि आपल्या शेजारी पसरलं. कडा नीट केल्या. बसायला येणाऱ्या माणसाला टोचू नये म्हणून वरची एक काडी उचलून फेकली.

जागा चौथ्याची होती.

खुशालराव तारघराकडे धावले. पन्नाशीचा, पोट सुटलेला माणूस, डोक्यावर टोपी नाही, पायात एकच वहाण. ओळखीच्या लोकांनी हाका मारल्या. तारबाबू मोरोपंत चष्मा पुसत होते.

"सगळ्यात लवकर जाणारी तार कोणती?"

"कुठं पाठवायची?"

त्यांनी डेपो सांगितला, तळ सांगितला. मजकूर सांगितला. बावन्न पोती निवडलेली नाहीत. वापरू नका. अंगठे खोटे आहेत. मोरोपंतांची लेखणी थांबली.

"हे असंच लिहू? पाठवणाऱ्याचं नाव द्यावं लागतं."

"द्या. खुशालराव. पूर्ण पत्ता द्या."

"अहो, फौजेची तार आहे. शुक्रवारपर्यंत पोचेल, एवढंच म्हणता येतं."

"शुक्रवारी किती वाजता?"

मोरोपंतांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि तारेच्या यंत्रावर बोट ठेवलं.

७

चौकशी झाली. दोन अधिकारी आले, खोली पाहिली, चिठ्ठ्यांचं पुडकं जप्त केलं. फौजेचं काम गेलं, दंड झाला. खुशालरावांनी आपणहून कबूल केलं म्हणून त्याहून वाईट झालं नाही. उत्तमराव रस्त्यात दिसले तर बाजू बदलू लागले. या सगळ्याचं खुशालरावांना फार काही वाटलं नाही. ते रोज पोस्टमनची वाट पाहत. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात वसंतचं कार्ड आलं, चार ओळींचं. मी सुखरूप आहे. विमल देवघरात जाऊन रडली. खुशालरावांनी पेढे वाटले.

संक्रांतीला वसंत रजेवर आला. वाळला होता. जेवताना हसला, विमलशी दोन शब्द बोलला, आणि दुपारी सासऱ्याशेजारी गादीवर येऊन बसला.

"मामाजी, तुमची तार शुक्रवारी चार वाजता आली. लगेच सगळी पोती बाजूला काढली. फोडून पाहिली तर अकरांत लोखंड निघालं."

"आनं तू गेला नाईस."

"मला गुरुवारी रात्री ताप भरला. माझ्या जागी देवमन गेला. अंजनगावचा. दहाला निघाले." वसंत सुपारीचं खांड बोटांत फिरवत राहिला. "आले नाहीत. सोबतचे दोघं उडी मारून वाचले. तो मागं होता."

"कारण?"

"माहीत नाही असंच लिहिलंय. मशीन मिळाल्याशिवाय काय लिहिणार? वाराही होता त्या दिवशी. मामाजी, तुम्ही तार केली नसती तर आणखी किती गेले असते. तळावर सगळे तुमचं नाव घेतात."

खुशालरावांनी मान हलवली. सोमवारी पत्र वाचलं होतं. मंगळवारी तार गेली असती तर बुधवारी पोचली असती. एवढा हिशेब करायला कोणाच्या मदतीची गरज नव्हती, आणि जावयाला तो दाखवायची हिंमत नव्हती.

"देवमनच्या घरी कोण हाय?"

"आई. पानमळ्यात मजुरी करते."

वसंत उठून गेला. ऊन कलायला लागलं होतं. तानुबाई रेल्वेच्या मालाची वही घेऊन आली. तिला लिहिता येत नसे. ती सांगायची आणि खुशालराव नावापुढे आकडे मांडायचे. तिनं सहाही बायांची पोती सांगितली. वही मिटायला हात पुढे झाला तेव्हा ती तिथंच उभी होती.

"आनं थे जेवणाच्या टायमाले निवडतात, थे कोणाच्या नावावर धरू?"

खुशालरावांनी वर पाहिलं.

"आमाले माहीत हाय, मालक," ती म्हणाली. तिचा आवाज साधाच होता, भाव सांगावा तसा. "आमी म्हणूनच बाहेर बसतो. पैले तीन होते. आता चार हाईत. चौथा लहान हाय वयानं. त्याले अजून नीट जमत नाई, त्याच्या हातून सूत तुटते. मी काल ढीग थोडा हलका करून ठेवला त्याच्या पुढचा."

बराच वेळ रुळांवरची गाडी जात राहिली. ती गेल्यावर खोलीतून काहीच आवाज नव्हता. खुशालरावांनी वही उघडली, सहा नावांखाली चार ओळी मोकळ्या सोडल्या. तीन नावं त्यांना ठाऊक नव्हती. चौथं लिहायला त्यांनी लेखणी टेकवली आणि उचलली. मग वही तशीच तानुबाईच्या हातात दिली.

"विमलले घेऊन बसत जा. थे लिहीन. मले विचारू नका, मी सांगतलं तरी ऐकू नका. ज्यानं जेवढं निवडलं, तेवढंच त्याच्या नावावर धरा, तानुबाई. एक पोतंबी इकडचं तिकडं होऊ देऊ नका."